व्हिसा कन्सल्टन्सीची नोकरी घेऊ, की स्वतःची वकिली करू?

पत्र: मी २६ वर्षांची, दांडिया बाजारात राहते. एम. एस. युनिव्हर्सिटीतून एलएलबी झाले, ऑल इंडिया बार परीक्षा पास झाले आणि दीड वर्षापासून दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात एका दिवाणी वकिलांकडे ज्युनियर आहे. मला इमिग्रेशनचं काम करायचं आहे. अलकापुरीतली एक व्हिसा कन्सल्टन्सी मला ‘लीगल हेड’ म्हणून घ्यायला तयार आहे. महिन्याचा पगार, व्हिसा लागलेल्या प्रत्येक फाइलमागे कमिशन, आणि बाहेरच्या पाटीवर माझं नाव आणि सनद नंबर. न्यू जर्सीचे मामा म्हणतात, भारतात बसून इमिग्रेशन वकील होताच येत नाही, इकडे ये आणि एलएलएम कर. आई-बाबा म्हणतात, पगार बरा आहे, घे. मी काय करू? – ऋ., बडोदा

प्रिय ऋ.,

आधी अलकापुरीच्या नोकरीबद्दल, कारण उत्तराची घाई तिथेच असणार. तुम्ही लिहिलंय त्या स्वरूपात ती घेऊ नका. पगार किती हा प्रश्नच नाही. त्या एका ऑफरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचे चार नियम एकदम आडवे येतात.

नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवायची आणि बार कौन्सिलला तसं कळवायचं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही ‘लीगल हेड’ व्हाल, त्या दिवसापासून तुमची सनद वापरात राहत नाही. आणि कन्सल्टन्सीला नेमका तो सनद नंबरच पाटीवर हवा आहे. फाइलमागचं कमिशन म्हणजे वकील नसलेल्या माणसाबरोबर कमाई वाटून घेणं, तेही चालत नाही. व्हिसा लागला तरच पैसे, ही निकालावर टांगलेली फी झाली. ती नियम २० ला धरून नाही. आणि पाटीवर, फ्लेक्सवर, रीलमध्ये तुमचा फोटो लावून ‘आमच्याकडे वकील आहेत’ असं सांगणं ही नियम ३६ खाली जाहिरात ठरते. कन्सल्टन्सीला यातला एकही नियम लागू नाही. तक्रार झालीच तर ती तुमच्या नावाने होईल.

आता धोक्याची खरी जागा. अशा ऑफिसात फाइल साधारण तीन हातांतून जाते: कौन्सेलर पक्षकाराशी बोलतो, दुसरा कोणी फॉर्म भरतो, तिसरा बँकेची कागदपत्रं ‘जमवतो’. शेवटी सही करणाऱ्याने मधलं काहीच पाहिलेलं नसतं. त्यातलं एखादं स्टेटमेंट किंवा अनुभवाचं पत्र खोटं निघालं, तर अर्ज करणाऱ्या मुलाला कॅनडा ५ वर्षं बंद होतो, ब्रिटन १० वर्षांपर्यंत, ऑस्ट्रेलिया बहुधा ३ वर्षं, आणि अमेरिकेत महत्त्वाच्या बाबतीत खोटं सांगितल्याचा ठपका जन्मभर राहतो. तो पुसायला फार मोजक्या सवलती आहेत. त्याच्या घरचे पोलिसांत गेले तर फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि खोटा कागद खरा म्हणून वापरल्याबद्दल ३३६ आणि ३४०. तोवर कन्सल्टन्सीचं नाव बदललेलं असू शकतं. सनद नंबर बदलत नाही.

शिवाय एक गोष्ट त्यांना विचाराच: तुम्ही परदेशातली नोकरीही मिळवून देता का? विद्यार्थी व्हिसाचा सल्ला वेगळा. पण परदेशी मालकासाठी माणसं भरायची असतील तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते. पाटीवर ‘पोलंड वर्क परमिट, नोकरीसह’ असं लिहिलेलं आहे आणि यादीत नाव नाही, तर त्या ऑफिसात सल्लागार म्हणूनसुद्धा पाऊल ठेवू नका.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ज्या देशात जायचं, त्या देशाचा कायदा चालवण्याचा हक्क त्या देशाच्या परवान्याने मिळतो. कॅनडाच्या अर्जात पैसे घेऊन प्रतिनिधी म्हणून उभं राहायचं तर तिथल्या एखाद्या लॉ सोसायटीचा वकील हवा (ऑन्टॅरिओत पॅरालीगलही चालतो), क्यूबेकचा नोटरी हवा, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक हवा. भारतीय सनद तिथे चालत नाही. अमेरिकेने मात्र छोटीशी खिडकी ठेवली आहे: आपल्या देशात सनदेवर प्रत्यक्ष वकिली करणारा परदेशी वकील, अमेरिकेच्या हद्दीबाहेर चालणाऱ्या कामापुरता, तिथल्या होमलँड सिक्युरिटी खात्यापुढे जी-२८आय हा फॉर्म भरून हजर राहू शकतो. ‘वकिली करणारा’ हे शब्द लक्षात ठेवा. नियम ४९ मुळे सनद बाजूला ठेवली की ही खिडकीही बंद होते.

मामांच्या बोलण्यातून राहून गेलेलं अर्धं म्हणजे भारताचा स्वतःचा इमिग्रेशन कायदा. त्याला वेगळी सनद लागत नाही, वेगळी पदवीही नाही, आणि बडोद्यात बसून चालवता येईल असं काम त्यात भरपूर आहे. मला वाटतं तुमची वकिली इथून उभी राहावी.

पासपोर्टपासून सुरू करा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(एफ) म्हणतं, फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. आपल्याकडे हे कलम सगळ्यात जास्त कोणाला आडवं येतं? दारूबंदीच्या केसमध्ये एकदा नाव आलेल्या मुलांना, आणि नवरा-बायकोच्या भांडणात आरोपी झालेल्या अख्ख्या कुटुंबाला. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये शेरा येतो आणि अर्ज अडकतो. यावरचा रस्ता २५ ऑगस्ट १९९३ च्या जीएसआर ५७०(ई) या अधिसूचनेत आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणा. इथे नवखे वकील एक वाक्य विसरतात. परवानगीच्या अर्जात पासपोर्ट किती वर्षांसाठी हवा ते स्पष्ट मागायचं, आणि हुकमात ते उतरलंय का हे कोर्टातून निघण्याआधी बघायचं. हुकमात मुदत नसली की पासपोर्ट एक वर्षाचा निघतो, आणि अनेक देशांच्या व्हिसाला सहा महिन्यांची शिल्लक मुदत लागते, म्हणजे हातात सहाच महिने उरतात. दुसरं, नुसता एफआयआर आणि चालू खटला यांत फरक आहे. कोर्टाने दखल घेतलेलीच नसेल तर कलम ६(२)(एफ) लागू होत नाही असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलंय. म्हणून पहिल्या भेटीत विचारायचं: चार्जशीट झालीय का, केस नंबर पडलाय का? नकार आला तर कलम ११ खाली अपील ३० दिवसांत.

नागरिकत्वाचं काम बडोद्यात आहे हे पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतं. २८ मे २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांचे अर्ज हाताळण्याचे अधिकार दिले, त्यात मोरबी, राजकोट, पाटण यांच्याबरोबर बडोदाही आहे. १९५५ च्या कायद्याच्या कलम ५(१)(अ) खाली भारतीय वंशाच्या माणसाला सात वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि त्याची मोजणी ठरलेली आहे: अर्जाच्या लगेच आधीचे सलग १२ महिने, आणि त्याच्या मागच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षं. कोणी मधल्या काळात लग्नासाठी कराचीला जाऊन चार महिने राहून आलं असेल तर ते दिवस आधी मोजा, मगच अर्जाची तारीख ठरवा.

उलट्या दिशेचं काम त्याहून जास्त. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याचं भारतीय नागरिकत्व कलम ९ ने आपोआप जातं; जुना पासपोर्ट परत न करता त्यावर प्रवास केला की दंड. मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड. मग पादरा-वाघोडियाकडची वडिलोपार्जित जमीन. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते, त्यामुळे वारसाईची नोंद आणि मुखत्यारपत्र यांची कामं सतत असतात. न्यू जर्सीत केलेलं मुखत्यारपत्र अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) होऊन आलं, की राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरायचा. ते पाकीट कपाटात राहिलं आणि मुदत गेली म्हणून सौदे रखडतात. पाकिटावरची पोचल्याची तारीख सांभाळून ठेवायला पक्षकाराला आधीच सांगून ठेवा.

परदेशी विद्यार्थी हा आणखी एक भाग. एम. एस. युनिव्हर्सिटीत आणि वाघोडियाच्या बाजूला ते बरेच आहेत. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा, २०२५ लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्याने रद्द केले. जुन्या कायद्यांची पाठ केलेली कलमं आता कोणाच्या कामाची नाहीत, म्हणजे या विषयात तुम्ही आणि तीस वर्षं वकिली केलेले ज्येष्ठ वकील आज एकाच ओळीत उभे आहात. हा कायदा आणि त्याचे नियम या महिन्यातच मुळातून वाचा.

आता या धंद्याचं रोजचं काम, म्हणजे कागद. परदेशातल्या वकिलाला भारतातून जे हवं असतं ते हेच, आणि फाइल मोडते तीही इथेच.

प्रत्येक माणसासाठी एक तक्ता करा. सात रकाने: कागदाचं नाव, त्यावरचं नाव अक्षरशः जसं आहे तसं, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, कोणी दिला, कधी दिला. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, पॅन, आधार, विवाह नोंदणी, जुने-नवे पासपोर्ट, सगळे एकाखाली एक. बडोद्यातल्या मराठी घरांत पाच-सहा ओळींतच गाठी दिसायला लागतात. शाळेच्या दाखल्यावर गुजराती पद्धतीने आडनाव आधी. वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘भाई’ किंवा ‘राव’, दुसऱ्यावर नाही. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत एकाच घरात तीन तऱ्हांनी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे लग्नात बदललेलं पहिलं नाव: जन्मदाखल्यावर सुनंदा, रेशन कार्डावर वैशाली, पासपोर्टवर पुन्हा सुनंदा, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव वैशाली. उद्या तो मुलगा अमेरिकेतून आईसाठी अर्ज करेल तेव्हा अधिकारी विचारणार, ही बाई त्याची आई कशावरून?

दुरुस्ती मुळापासून वर करत यायची. आधी जन्मदाखला, मग शाळेचा, मग आधार-पॅन, पासपोर्ट शेवटी. लोक उलटं करतात: आधार लवकर बदलून मिळतं म्हणून तिथून सुरुवात करतात आणि मग जन्मदाखल्याशी न जुळणारे तीन नवे कागद तयार होतात. नुसतं आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पुरतो; पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करा. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा, पण त्यावरच भागवू नका. प्रतिज्ञापत्र हा माणसाने आज केलेला दावा आहे, त्या काळचा पुरावा नाही.

जन्माची नोंदच नसेल तर? १९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून एक वर्षाहून जुन्या नोंदीसाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचं नाही. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. अजूनही कोर्टात अर्ज टाकून महिने घालवणारे आहेत. पण ५५ वर्षांच्या बाईंचा गेल्या महिन्यात काढलेला जन्मदाखला अमेरिकी अधिकाऱ्याला संशयास्पदच वाटतो. त्याबरोबर महानगरपालिकेचा ‘नोंद आढळत नाही’ असा जुना दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि वयाने मोठ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र असं एकत्र द्या.

गुजरातेत राहून अमेरिकेची भाऊ-बहीण वर्गवारी, म्हणजे एफ-४, न समजून चालणार नाही. यात अमेरिकी नागरिक आपल्या भावा-बहिणीला कुटुंबासकट कायमचं बोलावायला अर्ज करतो. भारतीयांची रांग जवळपास दोन दशकांची आहे. अर्ज टाकला तेव्हा तीन वर्षांचा असलेला भाचा व्हिसा निघेपर्यंत २१ ओलांडतो, आणि घरचे समजतात की तो बाद झाला. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन कायद्याने हिशोब असा: व्हिसा नंबर उपलब्ध झाला, म्हणजे रांगेत पाळी आली, त्या दिवशीचं वय, त्यातून नातेवाइकाने टाकलेला मूळ आय-१३० अर्ज मंजुरीसाठी जेवढे दिवस पडून होता तेवढे वजा. वय २३ वर्षं २ महिने, अर्ज ३ वर्षं पडून होता, तर कायद्याच्या दृष्टीने तो २० वर्षं २ महिन्यांचा. मात्र नंबर उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्याने पुढची हालचाल केलेली हवी, आणि तो अविवाहित हवा. इथेच घरं फसतात. साखरपुडा चालतो. पण ‘घराच्या कर्जासाठी नुसती नोंदणी करून ठेवली, विधी नंतर करू’ असं केलं की कायद्याने लग्न झालं, आणि मुलगा कुटुंबाच्या फाइलमधून गेला. मुलांच्या लग्नाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत, आई-वडिलांसमोर, संकोच न करता विचारायचा. अर्ज चालवणार अमेरिकेतला परवानाधारक वकील. तुम्ही हिशोबाची तारीख, कागद आणि धोका त्याच्यासमोर मांडायचा.

परदेशी परवान्याचं थोडक्यात. अमेरिकेत इमिग्रेशन हा संघराज्याचा कायदा आहे, म्हणून कोणत्याही एका राज्याची सनद देशभर चालते. न्यूयॉर्क मुख्यतः २४ क्रेडिटच्या एलएलएमच्या वाटेने परीक्षेला बसू देतं. कॅलिफोर्निया परदेशात सनद असलेल्या वकिलाला एलएलएमशिवायही. पण सनद मिळाली म्हणजे तिथे राहायचा हक्क मिळाला असं नाही. एलएलएमनंतर काम करायला साधारण एक वर्ष मिळतं, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशापासून देशाबाहेरून नव्याने बोलावलेल्या कामगारामागे मालकाला एक लाख डॉलर. मामांना हे हिशोबासकट सांगा. कॅनडाचा कन्सल्टंट व्हायला तिथलं नागरिकत्व किंवा कायम रहिवास आधी हवा, ऑस्ट्रेलियातही जवळपास तसंच. बडोद्यात बसून ते होत नाही. कॅनडाची वकिली करायची तर एनसीए या परदेशी कायदा पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून पदवी तपासून घेऊन त्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. इंग्लंडची एसक्यूई, म्हणजे तिथली सॉलिसिटर होण्याची परीक्षा, मला तुमच्यासाठी जास्त जवळची वाटते: आधीच वकील असलेल्यांना दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट नाही, आणि पहिला टप्पा देशाबाहेरच्या केंद्रांवरही होतो. दुसऱ्या टप्प्याची तोंडी परीक्षा मात्र तिकडे जाऊनच द्यावी लागते. यातलं काहीही पहिली दोन वर्षं करू नका.

त्या दोन वर्षांत दिवाणी वकिलांकडची जागा सोडू नका. वारस दाखले, दत्तक, नावदुरुस्तीचे दावे, घटस्फोटाचे हुकूमनामे हे सगळं इमिग्रेशनच्या फाइलमध्ये लागतं आणि ते तुम्ही आत्ता शिकताय. आठवड्यातली दोन दुपार-संध्याकाळ स्वतःच्या कामाला ठेवा. गुजराती लिहिता-वाचता येणं इथे मोठी मिळकत आहे, कारण जुन्या नोंदी गुजरातीत, आणि रियासतीच्या काळातले काही कागद मोडीतही सापडतात. फी टप्प्यांनी आणि लेखी: सल्ल्याची वेगळी, कागद तपासणीची वेगळी, अर्ज आणि सुनावणीची वेगळी. सरकारी फी पक्षकाराने स्वतःच्या कार्डाने भरायची. लॉगिन आणि पासवर्ड त्याच्याकडेच, मोबाइल नंबरही त्याचाच. कन्सल्टन्सीने स्वतःचा नंबर घातला म्हणून नकाराचं पत्र घरच्यांना महिनाभर दिसलंच नाही, असे प्रकार होतात. आणि पती-पत्नीच्या स्पॉन्सरशिपमध्ये दोघांचे वकील तुम्हीच असाल, तर भांडण झाल्यास कोणाच्याच बाजूने उभं राहता येणार नाही हे आधी लिहून सही घ्या.

आई-बाबांना सरळ सांगा की पहिलं वर्षभर ही कमाई अलकापुरीच्या पगाराहून कमी असेल. ते खरं आहे आणि लपवण्यासारखं नाही.

कन्सल्टन्सीला नकार देताना दार बंद करायची गरज नाही. ईमेलने लिहा: पगारी पद आणि कमिशन नको, भारतीय कायद्याच्या प्रश्नांवर स्वतंत्र वकील म्हणून लेखी मत देईन, फी पक्षकार थेट मला देईल आणि पावती माझी असेल, मी स्वतः न पाहिलेल्या कागदावर सही करणार नाही, माझं नाव, फोटो किंवा सनद नंबर पाटीवर, वेबसाइटवर, माहितीपत्रकात कुठेही छापू नये. बोलणी चालू असतानाच काही ऑफिसं कार्ड छापून मोकळी होतात, म्हणून त्यांची वेबसाइट आणि इन्स्टाग्राम आजच बघून घ्या. नाव दिसलं तर स्क्रीनशॉट ठेवा, काढून टाकायला त्याच ईमेलमध्ये सात दिवसांची मुदत द्या, आणि तरीही राहिलं तर गुजरात बार कौन्सिलला स्वतःहून लेखी कळवा.